जंबो : विशेषण होऊन बसलेला हत्ती

अमेरिकेत कोंबडीची अंडी डझनाने विकली जात असली तरी त्यांचा आकारवर्ग वजनावर ठरतो. तिथल्या कृषी खात्याने असे सहा वर्ग आखून दिले आहेत : पीवी, स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज आणि सगळ्यात वर जंबो. खोक्यावर ‘जंबो’ छापायचं असेल तर आतल्या बारा अंड्यांचं वजन किमान ३० औंस, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम भरावं लागतं. ‘लार्ज’ला २४ औंस पुरतात. म्हणजे हे बिरुद दुकानदाराने हौसेने लावलेलं नाही. ते तराजूवर सिद्ध करावं लागतं.

घरासाठी कर्ज काढायला गेलं तरी हाच शब्द भेटतो. बँकांनी दिलेली गृहकर्जं फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन संस्था विकत घेतात. मात्र किती रकमेपर्यंतचं कर्ज घ्यायचं, याची मर्यादा दर वर्षी जाहीर होते. २०२५ साठी अमेरिकेच्या बहुतेक भागांत ती ८ लाख ६ हजार ५०० डॉलर होती. महागड्या भागांत ती आणखी वर सरकते. या मर्यादेबाहेर गेलेलं कर्ज म्हणजे ‘जंबो लोन’. त्याचे निकष वेगळे आणि तपासणीही जास्त कडक. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे किंवा फ्रीमाँटच्या बाजूला घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हा शब्द चांगलाच परिचयाचा आहे.

अंड्याला आणि कर्जाला एकाच विशेषणाने जोडणारा दुवा म्हणजे एक आफ्रिकन हत्ती. तो १८८२ साली न्यूयॉर्कला उतरला, जेमतेम साडेतीन वर्षं उत्तर अमेरिकेत फिरला आणि रेल्वेच्या धडकेत मेला. तेवढ्या काळात त्याचं नाव इंग्रजीत मोठेपणाचं विशेषण होऊन बसलं. त्यात त्याच्या उंचीचा वाटा होताच, पण जाहिरातीचा वाटा त्याहून मोठा होता.

हत्तीच्या आधीचा शब्द

‘जंबो’ हा शब्द हत्तीसोबत जन्मला असं मात्र नाही. १८२३ साली लंडनमध्ये निघालेल्या बोलीभाषेच्या एका कोशात तो सापडतो. तिथे त्याचा अर्थ आहे बोजड, बेढब अंगाचा माणूस. मराठीत ज्याला ‘धोंड्या’ किंवा ‘अगडबंब’ म्हणून हिणवलं जाईल, तसा. त्यात कौतुक नव्हतं.

हा शब्द आला कुठून, याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. एक मत असं, की तो ‘मंबो जंबो’ या जोडशब्दाचा तुटलेला भाग आहे. पश्चिम आफ्रिकेत मुखवटा घालून गावाला धाक दाखवणाऱ्या एका विधीतल्या आकृतीचं हे नाव अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेवलं होतं. पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ ‘निरर्थक बडबड’ असा झाला. दुसरं मत स्वाहिली भाषेकडे बोट दाखवतं. ‘जांबो’ हे तिथलं अभिवादन, तर ‘जुंबे’ म्हणजे मुखिया. ऐकायला हे पटण्यासारखं वाटतं, पण ज्या प्रदेशात हा हत्ती पकडला गेला तिथे स्वाहिली बोलली जात नाही. शिवाय हत्ती युरोपात येण्याच्या कित्येक वर्षं आधीच हा शब्द लंडनच्या रस्त्यावर ऐकू येत होता.

थोडक्यात, बेढब माणसासाठी वापरला जाणारा एक हलका शब्द लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आलेल्या हत्तीच्या पिल्लाला चिकटला. पुढे त्या पिल्लाने शब्दाचा अर्थच बदलून टाकला.

लंडनचा लाडका

जंबोचा जन्म १८६० च्या सुमारास, सुदान आणि ॲबिसिनियाच्या सरहद्दीवर झाला. शिकाऱ्यांनी त्याच्या आईला मारलं आणि पिल्लाला पकडलं. प्राण्यांच्या व्यापाऱ्यांमार्फत ते युरोपात पोहोचलं आणि शेवटी पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात आलं. १८६५ मध्ये पॅरिस आणि लंडन यांच्यात प्राण्यांची अदलाबदल झाली. पॅरिसला इतर काही प्राण्यांबरोबर एक भारतीय गेंडा मिळाला आणि लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाला हे पिल्लू मिळालं. त्या वेळी त्याची अवस्था वाईट होती. अंग मळलेलं, कातडीला रोग, पायांची हेळसांड झालेली. मॅथ्यू स्कॉट नावाच्या रखवालदाराने त्याची शुश्रूषा करून त्याला उभं केलं. तो स्कॉट जंबोला शेवटपर्यंत सोडून गेला नाही.

पुढची सोळा वर्षं जंबो लंडनच्या मुलांना पाठीवर बसवून फिरवत होता. व्हिक्टोरिया राणीची मुलंसुद्धा त्याच्या पाठीवर बसली होती. लोक त्याला पाव, बिस्किटं खाऊ घालत. इंग्लंडने तोवर हत्ती पाहिले होते, पण ते आशियाई. आफ्रिकन हत्ती खांद्याला अधिक उंच असतो, त्याचे कान पंख्यासारखे पसरट असतात आणि नरमादी दोघांनाही सुळे असू शकतात. वर्षागणिक वाढत जाणारा असा प्राणी लंडनकरांनी पहिल्यांदाच पाहिला.

दिवसा शांत असणारा जंबो रात्री मात्र पिसाळायचा. कोठडीच्या भिंतींवर धडका देऊन त्याने आपले सुळे तोडून घेतले होते. अधीक्षक अब्राहम बार्टलेट यांना वाटलं, हत्ती मस्तीत आला आहे आणि मुलं पाठीवर असताना तो बिथरला तर अनर्थ होईल. वेळ आलीच तर त्याला मारता यावं म्हणून त्यांनी बंदुकीचीही तजवीज केली होती.

या पिसाळण्याचं एक कारण फार उशिरा, सव्वाशेहून जास्त वर्षांनी समोर आलं. २०१७ साली बीबीसीने डेव्हिड ॲटनबरो यांच्यासोबत एक माहितीपट केला आणि त्यासाठी शास्त्रज्ञांनी जंबोचा सांगाडा पुन्हा तपासला. हत्तीच्या दाढा माणसासारख्या खालून वर येत नाहीत. त्या जबड्याच्या मागच्या बाजूला तयार होतात आणि पुढे सरकत राहतात. पुढची दाढ झिजून गळून पडली की मागची तिची जागा घेते. आयुष्यात अशा सहा दाढा प्रत्येक बाजूला येतात. जंगलातला हत्ती झाडाची साल, फांद्या, मुळं चावतो, त्यामुळे दाढा वेळच्या वेळी झिजतात. जंबोला मिळायचं ते गवत आणि पाव. पुढची दाढ झिजली नाही, मागून नवी रेटत राहिली आणि जबड्यात दाटी होऊन दाढा वाकड्या झाल्या. दिवसा लोकांच्या गर्दीत गुंतलेल्या प्राण्याला रात्रीच्या एकांतात ती वेदना असह्य होत असणार, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. शिवाय वर्षानुवर्षं माणसांचं ओझं वाहून त्याच्या सांध्यांची दशा म्हाताऱ्या हत्तीसारखी झाली होती. त्याच वेळी हाडांची टोकं मात्र अजून जुळून यायची होती. म्हणजे त्याची वाढ पुरी झालेली नव्हती.

दोन हजार पौंडांचा सौदा

१८८२ च्या सुरुवातीला प्राणिसंग्रहालयाने जंबोला २,००० पौंडांना विकायचं ठरवलं. तेव्हाच्या हिशेबाने ते साधारण १०,००० डॉलर होते. विकत घेणारा होता फिनीअस टेलर बार्नम. कनेटिकट राज्यातला हा माणूस तोवर सत्तरी ओलांडून गेला होता. अद्भुत गोष्टी दाखवून पैसे मिळवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. आधी न्यूयॉर्कमधलं संग्रहालय, मग सर्कस. चांगली गोष्ट लोकांना दाखवायची आणि ती आहे त्याहून मोठी करून सांगायची, ही त्याची पद्धत.

सौद्याची बातमी फुटली आणि लंडन पेटलं. वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला, शाळकरी मुलांनी राणीला साकडं घातलं, प्रकरण न्यायालयात गेलं. सौदा रद्द झाला नाही. जंबोने मात्र स्वतःच अडवणूक केली. बंदराकडे न्यायला बाहेर काढलं तर तो रस्त्यात आडवा झाला आणि हलेना. बार्नमच्या दृष्टीने ही फुकटची प्रसिद्धी होती. इंग्लंडचा आक्रोश तारायंत्राने रोज अमेरिकेत पोहोचत होता आणि जो प्राणी अजून जहाजावर चढलाही नव्हता तो न्यूयॉर्कमध्ये घरोघरी माहीत झाला होता.

अखेर जाडजूड लाकडी पेटीत बंद करून त्याला ‘असीरियन मोनार्क’ या जहाजावर चढवलं गेलं. सोबत स्कॉट होताच. ९ एप्रिल १८८२ ला, ईस्टरच्या रविवारी, जहाज न्यूयॉर्कला लागलं. ब्रॉडवेवरून मिरवत पेटी मॅडिसन स्क्वेअर गार्डनला नेण्यात आली. जंबोवर घातलेला पैसा बार्नमने काही आठवड्यांतच वसूल केला.

अमेरिकेने हत्ती नवा पाहिला असं नाही. अमेरिकेत आलेला पहिला हत्ती बंगालमधून गेला होता. १७९६ साली कॅप्टन जेकब क्राउनिनशील्डने तो कलकत्त्याहून जहाजाने न्यूयॉर्कला नेला. पुढच्या शतकभरात गावोगाव फिरणाऱ्या प्राणिप्रदर्शनांतून अनेक हत्ती अमेरिकेत आले. तेव्हा ‘हत्ती’ एवढ्यावर तिकिटं खपण्याचे दिवस १८८२ मध्ये उरले नव्हते. बार्नमला विकायचा होता तो आकार.

म्हणून भित्तिपत्रकांवर जंबोच्या पायाखालून घोडागाडी जाताना दाखवली जाई, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत त्याची सोंड पोहोचताना दाखवली जाई. उंची बारा फूट, कधी त्याहूनही जास्त सांगितली जाई. नेमकं माप घेऊ देणं मात्र बार्नम टाळत असे. जंबोची खांद्यापर्यंतची उंची प्रत्यक्षात अकरा फुटांच्या आतबाहेर होती. चोविशीतल्या, अजून वाढत्या हत्तीसाठी ती विलक्षणच होती. बार्नमला तेवढं पुरेसं वाटलं नाही.

१७ मे १८८४ ला बार्नमने २१ हत्ती ब्रुकलिनच्या नव्या पुलावरून चालवत नेले. पूल उघडून वर्ष होत आलं होतं. उघडल्यानंतर सहाच दिवसांनी, पूल कोसळतोय अशा अफवेने तिथे चेंगराचेंगरी होऊन १२ माणसं दगावली होती. लोकांच्या मनातली भीती पुरती गेली नव्हती. हत्तींचा तांडा पलीकडे सुखरूप पोहोचला, त्यात सर्वांत मोठा जंबो. पुलाची ताकद सिद्ध झाली आणि सर्कशीची जाहिरातही झाली.

अमेरिकेला अशा शब्दाची ओढ का?

प्राण्याच्या नावावरून मोठेपणाचं विशेषण घडण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ नव्हती. ‘मॅमथ’ हा शब्द मुळात रशियातून युरोपात आला. सैबेरियाच्या बर्फात सापडणाऱ्या नामशेष हत्तींचं ते नाव. १८०१ मध्ये चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराने न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतातून तशाच एका प्रचंड प्राण्याची हाडं उकरून काढली आणि फिलाडेल्फियात सांगाडा उभा केला. खरं तर तो मॅस्टोडॉन होता, पण लोकांनी त्याला मॅमथच म्हटलं.

तेव्हा थॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष होते. अमेरिकेतले प्राणी युरोपातल्या प्राण्यांपेक्षा खुजे आणि दुबळे असतात, असं फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी लिहून ठेवलं होतं. जेफरसन यांना ते झोंबलं होतं. आपल्या देशात काहीच खुजं नाही हे दाखवायला त्यांना या हाडांचा आधार मिळाला. १८०२ च्या नववर्षदिनी मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या शेतकऱ्यांनी त्यांना १,२३५ पौंडांचं, म्हणजे साडेपाचशे किलोंहून जड चीज भेट दिलं. ते ‘मॅमथ चीज’ म्हणून गाजलं. मागोमाग मॅमथ पाव आला, मॅमथ भोपळेही आले आणि शब्द विशेषण म्हणून रुळला.

नव्या देशाला आपण मोठे आहोत हे सांगायचं होतं, आणि त्यासाठी त्याने नामशेष प्राण्याचं नाव घेतलं. ऐंशी वर्षांनी तोच देश कारखान्यांचा आणि बाजारपेठेचा झाला होता. तेव्हा त्याला विकायच्या वस्तूवर चिकटवता येईल असा शब्द हवा होता. तो जंबोने पुरवला.

१८८२ मध्येच टोप्या, सिगार, टाय, पंखे यांना जंबोचं नाव लागलं. कनेटिकटमधल्या विलिमँटिक या दोऱ्याच्या कंपनीने छापलेल्या कार्डांवर जंबो तिच्या दोऱ्याने ओढून नेला जाताना दिसतो. दोरा इतका मजबूत, की जगातला सर्वांत मोठा हत्ती बांधून नेता येतो! त्याच वर्षी ४ सप्टेंबरला थॉमस एडिसन यांनी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं. तिथलं प्रत्येक जनित्र सुमारे २७ टनांचं होतं. त्याचं नाव पडलं जंबो डायनॅमो.

मालगाडी आणि त्यानंतर

१५ सप्टेंबर १८८५ च्या रात्री कॅनडातल्या सेंट थॉमस इथे खेळ संपला. हत्तींना रुळांच्या कडेने त्यांच्या डब्यांकडे नेलं जात होतं. तेवढ्यात ग्रँड ट्रंक रेल्वेची मालगाडी अवेळी आली. चालकाने ब्रेक लावले, पण उपयोग झाला नाही. टॉम थंब नावाच्या छोट्या हत्तीचा पाय मोडला, तो वाचला. जंबोला मागून धडक बसली आणि थोड्याच वेळात तो स्कॉटच्या डोळ्यांदेखत गेला. छोट्या हत्तीला वाचवताना जंबोने प्राण दिले, ही गोष्ट बार्नमने नंतर पसरवली.

मृत्यूनंतरही जंबोची फिरती थांबली नाही. रॉचेस्टरच्या हेन्री वॉर्ड यांच्या कार्यशाळेत कातडं आणि हाडं गेली. नुसतं कातडं १,५३८ पौंड भरलं, म्हणजे सातशे किलोंच्या आसपास. पुढे प्राण्यांचे देह हुबेहूब उभे करण्याच्या कलेत नाव काढणारे कार्ल एकली तेव्हा तिथे उमेदवारी करत होते. त्यांनी या कामात मोठा भाग उचलला. शक्य तेवढा मोठा दिसू द्या, अशी बार्नमची सूचना होती, आणि कातडं ताणून बसवताना जंबो हयातीपेक्षा उंच झाला. आता बार्नमकडे दोन जंबो होते, एक कातड्याचा आणि एक हाडांचा. दोन्ही सर्कशीबरोबर फिरले.

पुढे सांगाडा न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीकडे गेला. कातड्याचा जंबो १८८९ मध्ये बोस्टनजवळच्या टफ्ट्स कॉलेजला मिळाला. बार्नम या संस्थेचा विश्वस्त आणि देणगीदार होता. तिथे जंबो बोधचिन्ह झाला आणि टफ्ट्सचे खेळाडू आजही ‘जंबोज’ म्हणून ओळखले जातात. परीक्षेच्या आधी विद्यार्थी त्याच्या सोंडेत नाणं टाकत, शेपटी ओढत. १४ एप्रिल १९७५ ला, जंबो जिथे उभा होता त्या बार्नम हॉलला आग लागली आणि जंबो जळून खाक झाला. क्रीडा विभागातल्या लोकांनी त्याची थोडी राख पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवली. ती बरणी विभागाने अजून जपली आहे. शेपटी आधीच तुटून अभिलेखागारात जाऊन पडली होती, म्हणून तीही शिल्लक राहिली.

पोलादी भांडं, विमान आणि कोळंबी

विसाव्या शतकात हा शब्द हत्तीपासून पूर्ण सुटला. १९४५ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुस्फोटाची तयारी चालू होती. स्फोट फसला तर आतलं मौल्यवान प्लुटोनियम विखरून जाऊ नये म्हणून २१४ टनांचं पोलादी भांडं बनवून घेतलं गेलं. त्याचं नाव जंबो. प्रत्यक्षात ते वापरलं नाही. १६ जुलैच्या स्फोटाच्या वेळी ते जवळच एका मनोऱ्यात टांगलेलं होतं. मनोरा पडला, जंबो टिकला. त्याचा अवशेष आजही ट्रिनिटी नावाच्या त्या स्फोटस्थळी पाहायला मिळतो.

मात्र या शब्दाला जगभर नेलं ते बोइंग ७४७ ने. पॅन ॲम कंपनीने १९६६ मध्ये एकदम २५ विमानांची मागणी नोंदवली. जो सटर यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांनी आराखडा केला आणि ९ फेब्रुवारी १९६९ ला विमान पहिल्यांदा उडालं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘जंबो जेट’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. २०२३ च्या जानेवारीत शेवटचं विमान ग्राहकाच्या हाती सोपवलं गेलं, तेव्हा एकूण आकडा १,५७४ झाला होता. एअर इंडियाचं पहिलं ७४७, ‘एम्परर अशोका’, १९७१ मध्ये मुंबईत उतरलं. त्याच्या खिडक्यांभोवती झरोके रंगवलेले होते. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचे नियम बदलल्यानंतर जी मराठी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी तिकडे गेली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या तोंडी ‘जंबो’ हा शब्द या विमानामुळे आला. एअर इंडियाचं शेवटचं ७४७ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून अमेरिकेकडे रवाना झालं.

अमेरिकी बाजारात या शब्दाची दोन रूपं शेजारी शेजारी नांदतात. अंड्यांवरचा जंबो नियमाने बांधलेला आहे. कोळंबीवरचा मोकळा आहे. ‘जंबो श्रिंप’ म्हणजे एका पौंडात साधारण २१ ते २५ बसतील अशी कोळंबी, हा व्यापारातला संकेत आहे. तो प्रत्येकाने पाळलाच पाहिजे असं बंधन नाही. म्हणून जाणकार गिऱ्हाईक नावाकडे न बघता पाकिटावरचा आकडा बघतं.

मराठीत आलेला जंबो

मराठीला मोठेपणाच्या शब्दांची वाण कधीच नव्हती. सभा विराट असते, वाडा भव्य असतो, यंत्र अवाढव्य असतं, माणूस धिप्पाड असतो. ‘अजस्र’ म्हणजे संस्कृतात अखंड, न थांबणारं. मराठीने त्यालाही प्रचंड या अर्थाने कामाला लावलं. असं असताना जंबोला जागा कशी मिळाली?

तो कुठे वापरला जातो हे पाहिलं की उत्तर मिळतं. जंबो डोंगर, जंबो समुद्र, जंबो वादळ असं कोणी म्हणत नाही. जंबो असतं ते माणसाने आखलेलं, ज्याची साधी आवृत्ती आधीपासून ठाऊक आहे असं काहीतरी. २००१ मध्ये मालाड स्टेशनबाहेर सुरू झालेल्या जंबोकिंगने वडापावला हे नाव दिलं, कारण नेहमीचा वडापाव सगळ्यांना माहीत होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये पुण्यात शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचं करोना रुग्णालय उभं राहिलं, ते ‘जंबो कोविड सेंटर’. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ठाणे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथल्या फलाटांच्या कामासाठी मध्य रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक घेतला. नेहमीच्या मेगाब्लॉकच्या पुढची पायरी दाखवायला ‘जंबो’ हाताशी होताच.

राजकारणात त्याला टीकेची धार आली. ‘जंबो मंत्रिमंडळ’ म्हणजे गरजेपेक्षा फुगलेलं. त्यावर शेवटी घटनेनेच माप बसवलं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपुरती मर्यादित केली. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून ४३ च्या वर मंत्री होऊ शकत नाहीत.

क्रिकेटमधला जंबो मात्र निव्वळ प्रेमाचा. अनिल कुंबळे यांचा एक चेंडू टप्पा पडल्यावर असा उसळला, की नवज्योतसिंग सिद्धू यांनी त्याला जंबो जेट म्हटलं. ‘जेट’ गळून पडलं, ‘जंबो’ राहिलं. ७ फेब्रुवारी १९९९ ला दिल्लीत पाकिस्तानचे दहाच्या दहा गडी ७४ धावांत बाद केल्यावर हे नाव घराघरांत गेलं. ज्या सर्कशीमुळे हा शब्द विशेषण झाला, ती कलाही महाराष्ट्राला परकी नव्हती. बार्नम जंबोला न्यूयॉर्कला नेत होता त्याच सुमारास सांगली भागातले विष्णुपंत छत्रे भारतातली पहिली सर्कस उभी करत होते. १९७७ पासून भारतात फिरणाऱ्या एका सर्कशीचं नाव तर ‘जंबो सर्कस’च आहे.

जंबो हा शब्द मराठीने घेतला, तो पचवला आणि त्याला काढून टाकण्याचं काही कारण नाही. पण त्याच्यात बार्नमची सवय अजून मुरलेली आहे. जंबो भरती, जंबो कार्यकारिणी, जंबो पॅकेज अशा मथळ्यांखाली पुष्कळदा किती जागा, किती पदाधिकारी, किती कोटी हे लिहिलेलंच नसतं. शिवाजीनगरच्या रुग्णालयाला खाटांचा आकडा होता, मध्य रेल्वेच्या ब्लॉकला तास होते. म्हणून तिथे हा शब्द शोभला. बातमी लिहिणाऱ्यांनी ‘जंबो’ लिहिताना शेजारी संख्या द्यावी आणि वाचणाऱ्यांनी ती मागून घ्यावी. ती नसेल तिथे ‘मोठी’ एवढा साधा शब्द पुरतो.